तापमानाला वीस मिनिटं, खारेपणाला तास, उजेडाला महिना : नवं सॉफ्ट कोरल टाकीत रुळवताना

सांगलीहून समुद्र बघायचा तर घाट उतरावा लागतो. त्यामुळे इथल्या घरात खाऱ्या पाण्याची टाकी ठेवायची म्हणजे समुद्राचं पाणी आपणच बनवायचं, आपणच सांभाळायचं आणि उन्हाळ्यात आपणच थंड ठेवायचं. गोड्या पाण्यातले मासे वर्षानुवर्षं पाळलेली मंडळी हळूहळू या नादाला लागतात. क्लाउनफिशची जोडी रुळली की पहिलं कोरल आणायची इच्छा होते. ते बहुतेक वेळा सॉफ्ट कोरल असतं आणि ही निवड योग्यच आहे. पाण्यातले छोटे-मोठे चढउतार कडक कोरलपेक्षा ते जास्त सोसतं.

प्रश्न मात्र सगळ्यांचा एकच असतो : पिशवी टाकीत किती वेळ तरंगत ठेवायची? पंधरा-वीस मिनिटं. पण तेवढ्यानं कोरल रुळत नाही. दुकानातल्या टाकीत आणि तुमच्या टाकीत तीन मोठे फरक असतात. तापमानाचा फरक मिनिटांत मिटतो. खारेपणाचा तासाभरात मिटतो. उजेडाचा फरक मिटायला तीन-चार आठवडे जातात. लोक पहिल्या दोन गोष्टींची डोळ्यांत तेल घालून काळजी घेतात आणि तिसरी विसरतात. संध्याकाळी अगदी रीतसर सोडलेलं कोरल दुसऱ्या दिवशी पूर्ण ताकदीच्या एलईडीखाली उभं असतं, पंधरवड्यात फिकट पडू लागतं आणि मग खापर पाण्यावर फुटतं.

आधी हा जीव कोणता ते समजून घेऊ

कोरल म्हणजे प्राणी, जेलीफिशच्या नात्यातला. आपल्याला जी एक छत्री किंवा एक झाडोरा दिसतो, ती शेकडो छोट्या पॉलिपची वसाहत असते. प्रत्येक पॉलिपला एक तोंड आणि त्याभोवती आठ स्पर्शिका. भिंग घेऊन पाहिलं तर प्रत्येक स्पर्शिकेच्या दोन्ही कडांना बारीक फाटे फुटलेले दिसतात. ही आठ फाटेरी स्पर्शिकांची खूण खऱ्या सॉफ्ट कोरलची. कडक कोरल स्वतःखाली चुनखडीचा सांगाडा बांधतं. सॉफ्ट कोरलला तसा सांगाडा नसतो. त्याच्या मांसात चुन्याच्या सूक्ष्म काड्या विखुरलेल्या असतात आणि बाकी सगळं शरीर आत भरलेल्या पाण्याच्या दाबावर उभं राहतं. म्हणूनच काही बिनसलं की ते पहिल्यांदा आक्रसतं.

बाजारात टोडस्टूल लेदर, फिंगर लेदर, केनिया ट्री, झेनिया, ग्रीन स्टार पॉलिप ही नावं ऐकू येतात. त्याच ट्रेमध्ये झोआ आणि मशरूमही असतात. शास्त्राच्या हिशेबानं ते दोन्ही सॉफ्ट कोरल नव्हेत, पण रुळवायची रीत जवळपास तीच. लाल-केशरी-जांभळ्या रंगाचं, अतिशय देखणं डेंड्रोनेफ्थिया कुणी दाखवलं तर मात्र नवख्यानं ते घेऊच नये. त्याच्या अंगात शेवाळ नसतं, त्याला दिवसभर सूक्ष्म खाद्याचा प्रवाह लागतो आणि घरच्या टाकीत ते उपाशी मरतं.

आता हे अंगातलं शेवाळ. बाकी सगळ्या नावांच्या कोरलांच्या मांसात झूझँथेली नावाच्या एकपेशीय शेवाळाची दाट वस्ती असते. ते उजेडावर साखर तयार करतं आणि तिचा मोठा वाटा कोरलला देतं. बदल्यात कोरल त्याला राहायला जागा आणि स्वतःचं मलमूत्र खत म्हणून पुरवतं. तेव्हा तुम्ही टाकीत एक नाही, दोन जीव रुळवताय. खारेपणाचा बदल सोसायचा तो कोरलनं आणि उजेडाचा बदल सोसायचा तो मुख्यतः या शेवाळानं. दोघांचा वेग वेगळा आहे.

खरेदीबद्दल एक गोष्ट इथेच सांगतो. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या परिशिष्टात रीफ म्हणजे प्रवाळखडक बांधणारी कडक कोरल, काळं कोरल, ऑर्गन पाइप कोरल, फायर कोरल आणि समुद्रपंखे यांना संरक्षण आहे. मालवणला स्नॉर्केलिंग करताना आवडलं म्हणून काही उचलून आणणं तर सरळ गुन्हा आहे. दुकानदाराला विचारा की हे समुद्रातून काढलेलं आहे की टाकीत वाढवलेल्या कोरलचा तुकडा आहे, ज्याला आपण फ्रॅग म्हणतो. बिल घ्या. टाकीत वाढलेला फ्रॅग घेतला तर समुद्राचंही नुकसान होत नाही आणि तो रुळतोही लवकर, कारण एलईडी आणि बनवलेलं खारं पाणी हीच त्याची दुनिया असते.

कोरल मागवण्याआधीचं पाणी

टाकी नवी असेल तर थांबा. माशांची विष्ठा आणि उरलेलं खाणं कुजून अमोनिया होतो, जिवाणू त्याचं नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करतात. हे जिवाणू पुरेसे वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आले की मासे सोडता येतात. कोरलसाठी मी आणखी महिना-दोन महिने थांबायला सांगेन, कारण त्या काळात टाकीत तपकिरी आणि हिरव्या शेवाळाच्या लाटा येतात आणि आकडे वरखाली होत राहतात.

नळाला येणारं कृष्णेचं पाणी असो की बोअरचं, थेट वापरायचं नाही. एकात क्लोरीन, दुसऱ्यात क्षार. ‘आमच्याकडे आरओ आहे की’ असं लगेच उत्तर येतं. पण पिण्याच्या पाण्याची बरीच आरओ मशीन चवीसाठी थोडे क्षार पाण्यात परत मिसळतात आणि हल्ली काहींत तांब्याचा वेगळा फिल्टरही असतो. तांबं माणसाला चालतं, कोरलला, कोळंबीला, गोगलगायीला ते विष आहे. त्यामुळे क्षार मिसळणारा आणि तांब्याचा टप्पा काढलेलं आरओ, त्यापुढे उरलेले क्षार शोषणाऱ्या डीआय रेझिनची नळी आणि विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर शून्य, असं पाणी हवं. रात्रभर तांब्याच्या कळशीत भरून ठेवलेलं पाणी टाकीत टॉपअप म्हणून, म्हणजे उडालेल्या पाण्याची भरपाई करायला, ओतू नका, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

मीठ रीफ टाकीसाठी बनवलेलंच घ्या. लिटरला साधारण ३५ ते ३८ ग्रॅम लागतं, पाकिटावर नेमकं प्रमाण असतं. स्वयंपाकाचं किंवा मिठागरातलं मीठ चालत नाही, त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि अल्कलिनिटीचं, म्हणजे पीएच स्थिर ठेवणाऱ्या क्षारांचं, समुद्रासारखं प्रमाण राहिलेलं नसतं. रत्नागिरीहून कॅन भरून समुद्राचं पाणीही आणता येतं, पण खाडीजवळचं आणि पावसाळ्यातलं पाणी पुष्कळ पातळ झालेलं असतं आणि बंदराजवळ त्यात डिझेलचा तवंग असतो. इतक्या लांबून तो भरवसा ठेवता येत नाही.

आकडे थोडक्यात : तापमान २५-२६ अंश, खारेपणा हजारी ३५ भाग म्हणजे विशिष्ट घनता १.०२५ ते १.०२६, पीएच ८.१ ते ८.४, अल्कलिनिटी ८ ते १० डीकेएच, कॅल्शियम ४०० ते ४५० पीपीएम, नायट्रेट ५ ते १५ आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१. सॉफ्ट कोरलला निर्जंतुक चकचकीत पाणी आवडत नाही. नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्यावर नेऊन बसवलेल्या टाकीत ते उपाशी राहतं. आणि यातला कुठलाही आकडा आदर्श असण्यापेक्षा काल होता तोच आज असणं जास्त मोलाचं.

खारेपणा मोजायला रिफ्रॅक्टोमीटर घ्या आणि तो ३५ च्या कॅलिब्रेशन द्रावणानं जुळवून घ्या. नुसत्या आरओच्या पाण्यावर शून्य लावला तरी ३५ जवळ तो चुकू शकतो. काट्याचा प्लॅस्टिक हायड्रोमीटर असेल तर काट्याला चिकटलेला एक बुडबुडाही आकडा बदलतो.

पिशवी घरी आल्यावरचा पहिला तास

आपल्याकडे कोरल बहुधा मुंबई-पुण्याहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं येतं. एप्रिल-मे शक्यतो टाळा. गाडीच्या डिकीत पाणी किती तापेल याचा नेम नाही. डिसेंबरच्या पहाटे उलटं होतं, पिशवी गारठलेली मिळते. कोणत्याही ऋतूत थर्माकोलच्या पेटीतच मागवा आणि गाडी आली की लगेच जाऊन घ्या.

घरी टाकीचे दिवे बंद करा. रात्रभर अंधारात असलेल्या जिवावर एकदम झगझगीत उजेड नको. पिशवी बाहेरून धुवा, न उघडता पंधरा-वीस मिनिटं टाकीत तरंगू द्या. तापमान जुळलं. हे काम संपलं, यापेक्षा जास्त तरंगत ठेवून काही मिळत नाही.

आता पिशवी उघडून त्यातल्या पाण्याचा खारेपणा मोजा. ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि पुढचं सगळं तिच्यावर ठरतं. बऱ्याच दुकानांत पाण्याची घनता मुद्दाम १.०२० ते १.०२२ ठेवलेली असते, कारण मासे त्यात धकतात, काही परजीवींना ते कमी मानवतं आणि मीठही वाचतं. तुमची टाकी १.०२५ वर. माशाला स्वतःच्या रक्तातलं मीठ राखता येतं, कोरलला ते येत नाही. बाहेर जेवढं खारं तेवढंच त्याच्या पेशींच्या आतलं पाणी. बाहेरचं पाणी एकदम जास्त खारं झालं की पेशीतलं पाणी बाहेर ओढलं जातं आणि ती आक्रसते. एकदम पातळ झालं की पाणी आत घुसतं आणि ती फुगते. हळूहळू बदललं तर पेशी आपल्या आतली रसायनं जुळवून घेते. टाकीचं पाणी थेंबाथेंबानं मिसळतात, म्हणजे ड्रिप लावतात, ते एवढ्यासाठीच.

फरक ०.००२ च्या आत असेल तर दर पाच मिनिटांनी टाकीतलं कपभर पाणी मिसळत वीस-तीस मिनिटांत काम होतं. त्याहून जास्त असेल तर ड्रिप. त्यासाठी सगळ्यात सोयीचं साधन मेडिकलमध्ये मिळतं, सलाइनचा सेट. सांगली-मिरजेत त्याला काय तोटा! नवा, न वापरलेला सेट घ्यायचा, सुई काढून टाकायची. एक टोक टाकीत, दुसरं खाली ठेवलेल्या भांड्यात आणि मधल्या चाकानं सेकंदाला दोन-तीन थेंब इतका वेग. भांड्यातलं पाणी दुप्पट झालं की निम्मं बाहेर ओतायचं आणि पुन्हा दुप्पट होऊ द्यायचं. पाऊण ते एक तासात दोन्ही पाणी जवळपास सारखं होतं. मधे एकदा मोजून खात्री करा. भांड्यातलं पाणी या वेळात थंडीत गार आणि उन्हाळ्यात गरम होतं, म्हणून भांडं दुसऱ्या कोमट किंवा टाकीइतक्या तापमानाच्या पाण्यात ठेवा.

तासाच्या पुढे ड्रिप लांबवू नका. ‘जितकं सावकाश तितकं चांगलं’ हे इथे खरं नाही. बंद पिशवीत कोरलच्या श्वसनानं कार्बन डायऑक्साइड साचतो, पीएच खाली येतो आणि त्या खालच्या पीएचला पाण्यातला अमोनिया फारसा घातक नसलेल्या रूपात असतो. पिशवी उघडली की वायू उडून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी रूपात येतो. कोरलच्या पिशवीत तो माशाच्या पिशवीपेक्षा कमी असला, तरी चार तास त्या पाण्यात ठेवायचं काही कारण नाही. खारेपणात फारच अंतर असेल तर वेगळी छोटी टाकी दुकानाच्या खारेपणावर ठेवून दिवसाला ०.००१ ते ०.००२ इतकं वाढवत नेणं बरं.

डिप, आणि हाताची काळजी

पिशवीतलं पाणी टाकीत ओतायचं नाही, मोरीत ओतायचं. त्यातून आणि फ्रॅग ज्या छोट्या चकतीवर चिकटवलेला असतो त्या प्लगवरून चपटे कृमी, झोआ खाणाऱ्या समुद्री गोगलगायी, ऐप्टेशिया नावाचं उपद्रवी समुद्रफूल, बुडबुडी शेवाळ असे पाहुणे येतात. त्यासाठी डिप, म्हणजे औषधाच्या पाण्यात थोडा वेळ बुडवणं. टाकीच्या पाण्यात आयोडीनचं किंवा तयार मिळणारं कोरल डिप बाटलीवर सांगितलेल्या प्रमाणात आणि सांगितलेल्या वेळेपुरतं, मधून मधून चमच्यानं किंवा पिचकारीनं पाणी ढवळत. मग स्वच्छ खाऱ्या पाण्यात खंगाळून टाकीत. झेनिया नाजूक असतं. त्याला डिप सौम्य आणि थोडा वेळच द्या, हवेत फार वेळ धरू नका. डिपनं किडे मरतात, अंडी मरत नाहीत. प्लगच्या खालच्या बाजूला जिलेटिनसारखे ठिपके दिसले तर खरवडा, किंवा सरळ प्लगच बदला. आठवड्यानं डिप पुन्हा केलं तर अंड्यांतून निघालेले सापडतात.

झोआ आणि त्याच्याच नात्यातलं पॅलिथोआ हाताळताना हातमोजे आणि चष्मा घाला. हे घाबरवायला सांगत नाही. काही पॅलिथोआंत पॅलिटॉक्सिन असतं, १९७१ मध्ये हवाईतल्या शास्त्रज्ञांनी ते वेगळं काढलं, आणि निसर्गातल्या सर्वांत जहाल विषांत त्याची गणना होते. पॅलिथोआ चिकटलेला दगड साफ करायला उकळत्या पाण्यात टाकणं ही तर सगळ्यांत धोक्याची गोष्ट, वाफेतून ते विष श्वासात जातं आणि घरातली माणसं दवाखान्यात दाखल झाल्याची उदाहरणं वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. दगड उकळायचे नाहीत, गरम पाण्यानं घासायचे नाहीत. लहान मुलांना त्या वेळी खोलीत येऊ देऊ नका.

डासांचा फवारा टाकीच्या खोलीत मारू नका, तोही पाण्यात उतरतो. टाकीत घालण्याआधी हात साबणाशिवाय, नुसत्या पाण्यानं धुवा.

उजेड : सगळ्यात मोठं काम

ज्याला शेडनेटमधलं रोप शेतात लावायचं माहीत आहे, त्याला हा भाग लगेच कळेल. नर्सरीतलं रोप भर उन्हात एकदम लावलं तर पानं करपतात. आधी नेट थोडी थोडी उघडून त्याला ऊन सोसायला शिकवावं लागतं. पान ऊन सोसायला तयार होतं ते आतली रचना बदलून, आणि त्याला दिवस लागतात.

झूझँथेली तेच करते. मंद उजेडात ती आपल्यातलं हरितद्रव्य वाढवते, म्हणून दुकानाच्या अंधाऱ्या कोपऱ्यातून आलेलं कोरल गडद तपकिरी दिसतं. तेजस्वी उजेडात ती रंगद्रव्य कमी करते आणि रक्षणाची रसायनं वाढवते. हा बदल पुरा व्हायला तीन-चार आठवडे जातात. त्याआधीच उजेड जास्त पडला तर जेवढी ऊर्जा आत येते तेवढी वापरता येत नाही. उरलेल्या ऊर्जेतून ऑक्सिजनचे दाहक रेणू तयार होतात आणि पेशी जाळू लागतात. मग कोरल स्वतःला वाचवण्यासाठी शेवाळाला बाहेर टाकतं. शेवाळ गेलं की रंगही गेला आणि रोजचं अन्नही. यालाच ब्लीचिंग म्हणतात. लक्षद्वीपच्या रीफवर १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये समुद्र तापून जे मोठं ब्लीचिंग झालं, त्यात आतली घडामोड हीच होती. उष्णतेनं शेवाळाची यंत्रणा मोडली आणि उरलेली ऊर्जा उलटली.

म्हणून उन्हाळ्यात उजेड वाढवणं दुप्पट धोक्याचं. पाणी २८-२९ अंशांवर असताना कोरल जेवढा उजेड एरवी सहज सोसतं, तेवढ्यानंही त्रास होतो.

करायचं काय? नवं कोरल पहिल्या दिवशी टाकीच्या तळाशी, वाळूवर किंवा दगडाच्या पायथ्याशी, दिव्याच्या बरोबर खाली न येईल असं ठेवा. एलईडीची ताकद नेहमीच्या निम्म्यावर आणा आणि दर आठवड्याला थोडी थोडी वाढवत चार आठवड्यांत पूर्ण पातळीवर न्या. काही दिव्यांत यासाठी वेगळा पर्यायच असतो. तो लावा आणि चार आठवड्यांवर सेट करून विसरा. दिवा कमी-जास्त करता येत नसेल तर तो उंच टांगा किंवा काचेवर पांढऱ्या जाळीचे दोन-तीन पदर टाका आणि आठवड्याला एक काढा. शेवाळाला वापरता येणारा उजेड मोजणारा पार मीटर कुणाकडे उसना मिळाला तर अंदाजाला आधार मिळतो. बहुतेक सॉफ्ट कोरलना ५० ते १५० पार पुरे, मशरूमना त्याहून कमी. दिवा रोज आठ ते दहा तास, टायमरवर. हातानं लावा-बंद करायच्या दिव्याला घरातल्या पाहुण्यांप्रमाणे वेळा बदलतात, आणि ते शेवाळाला मानवत नाही.

एक गोष्ट पाळा : रोज जागा बदलू नका. इथे फुललं नाही म्हणून तिथे, तिथे नाही म्हणून वर, असं केलं की दरवेळी उजेड आणि प्रवाह दोन्ही बदलतात आणि शेवाळाचं जुळवून घेणं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. जागा पहिल्या दिवशी विचार करून निवडा आणि दोन आठवडे ती बदलू नका.

प्रवाह मध्यम आणि उलटसुलट हवा. वेव्हमेकरचा, म्हणजे पाणी ढवळणाऱ्या पंपाचा, झोत थेट अंगावर आला तर पॉलिप एका बाजूला दबून राहतात, प्रवाहच नसेल तर अंगावर घाण बसते. कोरल हलकेच डोलतंय, हे प्रमाण ठीक. चिकटवायला सुपरग्लूची जेल प्लगला दगडाशी जोडायला उत्तम, पण लेदरच्या बुळबुळीत अंगाला ती धरत नाही. सुटा तुकडा असेल तर छोट्या वाटीत कोरलचे खडे घालून त्यावर ठेवा आणि वर ट्यूल म्हणजे बारीक जाळीच्या कापडाचा तुकडा सैल बांधा. आठ-दहा दिवसांत तो खड्यांना धरतो. ग्रीन स्टार पॉलिपचा मात्र दगड वेगळा, वाळूवर एकटा ठेवा. ते पसरायला लागलं की मुख्य दगड व्यापतं आणि खरवडूनही निघत नाही.

मिटलेलं कोरल आणि साल टाकणारं कोरल

पहिले दोन-तीन दिवस ते मिटलेलं असणं नेहमीचं आहे. लेदर तर आठवडाभरही मिटून राहतं. याच दिवसांत फोन येतात. विश्रामबागेतल्या एका मित्राचा असाच आला होता, ‘दादा, मेलं की काय ते? मेणचट दिसतंय.’ मी म्हटलं, ‘वास येतोय का?’ ‘नाही.’ ‘मग राहू दे. वेव्हमेकर जरा त्याच्याकडे वळव.’

टोडस्टूलची साल टाकणं जवळून बघण्यासारखं असतं. आधी छत्रीवरचे सगळे पॉलिप आत जातात आणि वरचा भाग गुळगुळीत होतो. एक-दोन दिवसांत त्यावर चमक येते, मेणाचा हात फिरवल्यासारखी, आणि कडा आत वळतात. मग त्या चमकेवर धूळ आणि हिरवट शेवाळ बसतं, कोरल अगदी केविलवाणं दिसतं. आणखी काही दिवसांनी कडेला पातळ पारदर्शक पदर सुटू लागतो, प्रवाहात फडफडतो आणि तुकड्या-तुकड्यांनी निघून जातो. खालून स्वच्छ कांती आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पॉलिप आधीपेक्षा लांब बाहेर. याला कधी चार दिवस, कधी तीन आठवडे लागतात. अंगावर बसलेली घाण आणि शेवाळ झटकायची ही त्याची रीत आहे, आणि जागा बदलल्यावर तर ते हमखास करतं. आपण फक्त प्रवाह थोडा वाढवायचा. बोटानं साल सोलायची नाही.

सडणं वेगळं दिसतं. तिथे कांती पारदर्शक पदर न सोडता विरघळते, तपकिरी किंवा काळपट बुळबुळीत थर येतो, एखादा भाग खचतो आणि पाण्याबाहेर काढल्यावर कुजका वास येतो. अशा वेळी थांबू नका. कोरल बाहेरच्या भांड्यात घेऊन नव्या ब्लेडनं सडका भाग निरोगी मांसाच्या थोडा आतून कापा, आयोडीनचं डिप द्या आणि प्रवाहात ठेवा. लेदरची जखम भरून येते. झेनिया मात्र एकदा विरघळायला लागलं की एका रात्रीत संपतं. त्याचा चिखल पाइपनं लगेच ओढून काढा, नाहीतर टाकीत अमोनिया वाढतो. केनिया ट्रीच्या फांद्या गळून पडल्या तर घाबरू नका, ते तसंच वाढतं.

लेदरची दुसरी एक बाजू लक्षात ठेवा. त्याला काटे नाहीत, सांगाडा नाही, म्हणून ते शेजाऱ्यांना रसायनांनी दूर ठेवतं. ही टर्पीन गटातली द्रव्यं पाण्यात मिसळतात आणि छोट्या टाकीत साचत जातात. साल टाकताना किंवा कापल्यावर ती जास्त सुटतात. फिल्टरमध्ये अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन ठेवा, महिन्याला बदला, आणि नव्या लेदरभोवती वीतभर मोकळी जागा सोडा.

सांगलीचा उन्हाळा

पारा चाळिशीला टेकतो तेव्हा टाकीचं पाणी सहज ३० च्या वर जातं. आपली हवा तेव्हा कोरडी असते, याचा फायदा घ्या. पाण्याच्या पृष्ठभागावर पंखा लावला तर बाष्पीभवनानं दोन ते चार अंश उतरतात. जुलैच्या दमट हवेत हाच पंखा तेवढं काम करत नाही, पण तेव्हा गरजही तेवढी नसते. पंख्यामुळे पाणी उडतं, मीठ मागेच राहतं, म्हणजे खारेपणा चढतो. उडालेल्या पाण्याची भरपाई रोज, साध्या आरओ-डीआयच्या पाण्यानं, खाऱ्या पाण्यानं नव्हे. एक तासभर ड्रिप लावून आणलेल्या कोरलला आठवडाभर टॉपअप न करता १.०२९ वर नेणं म्हणजे सगळी मेहनत वाया. बर्फाच्या बाटल्या टाकून एकदम चार अंश उतरवू नका, तो धक्काच.

वीज गेली तर पहिली गरज प्रवाहाची. बॅटरीवर चालणारा एअरपंप दोन-तीनशे लिटरच्या टाकीला काही तास तारतो. इन्व्हर्टर असेल तर त्यावर वेव्हमेकर आणि पंखा जोडा, दिवे नाही. कोरल दोन दिवस अंधारात सहज राहतं, ऑक्सिजनशिवाय राहत नाही.

खाद्याची घाई करू नका. पहिला आठवडा काहीच देऊ नका. पॉलिप रोज नियमित उघडायला लागल्यावर आठवड्यातून एकदा-दोनदा बारीक प्लँक्टनचं खाद्य थोडंसं, पंप मंद करून. मासे खातात त्यातून आणि पाण्यात विरघळलेल्या द्रव्यांतूनही सॉफ्ट कोरल बरंच शोषून घेतं.

चौथ्या आठवड्यात दिवा पूर्ण पातळीवर आला, पॉलिप उघडेच राहिले आणि रंग फिकट पडला नाही, तर हवं असल्यास कोरल दगडावर एक टप्पा वर न्या, आणि तिथेही पुन्हा दोन आठवडे थांबा. दुसरं कोरल त्यानंतरच मागवा. दोन नवी कोरल एकाच वेळी आणली आणि एक मिटलं, तर ते उजेडानं मिटलं, खारेपणानं की शेजाऱ्याच्या रसायनानं, हे शोधणं अवघड होऊन बसतं.